यमुनाआत्याची हिरवी सायकल

हातखंबा,
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल दुकानातच मिळालं. पोस्टमन म्हणाला, "तुझ्या आत्याला सांग, एवढ्या पत्रांच्या खर्चात मोबाइल आला असता." मी म्हटलं, फोनवर तिला नीट ऐकू येत नाही आणि मला तिची पत्रं आवडतात, तुमचं काय जातंय?

ज्ञानेश्वरी वहिनीला अंगणवाडीत जायला सायकल हवी आहे हे वाचून फार बरं वाटलं. संदेशदादा बोटीवर गेला की बिचारीला सगळीकडे कुणाच्या ना कुणाच्या गाडीची वाट बघावी लागते. पण नवी घेऊ नका. माझ्याकडे तिच्यासाठी एक आहे. राजापूरच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या गोठ्यात पडून होती. सीटवर कोंबडी अंडी घालायची. बाईंचा मुलगा म्हणाला, "ताई, हिच्यात काय राहिलंय? भंगारवाला पण नको म्हणाला." मला असं कुणी म्हटलं की ती सायकल माझीच होऊन जाते. दोन्ही चाकं डुलत होती, त्यांचा आउट काढून सरळ केली, सगळे छर्रे बदलले, ब्रेकचे रबर नवे घातले. गंज पार लोखंडापर्यंत खरवडून हिरवा रंग दिला. आतापर्यंत केलेल्या सगळ्या सायकलींत ही माझी सर्वांत चांगली. गुहागरकडे फरशी नेणारा टेम्पो आहे, त्यात घालून पाठवते.

एक गोष्ट मात्र वहिनीला बजावून सांग. पुळणीवरून सायकल न्यायची नाही. तुमच्याकडे सगळे किनाऱ्यावरूनच ये-जा करतात, पण खारं पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की एवढी मेहनत फुकट. लांब पडलं तरी डांबरी रस्त्यानेच जायचं.

बाबा दिवाळीला मुंबईहून आले होते. दुकानात पाऊल ठेवत नाहीत. बाहेर उभे राहून विचारतात, "बी.एस्सी. मॅडम, हवा भरून मिळेल काय? का जुन्याचा भरवसा नाही?" आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि माझ्या नखांत ग्रीस. त्यांचं दुःख मला कळतं. पण आत्या, एखादी वस्तू केवळ जुनी झाली म्हणून टाकायची, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही.

तुझी,
निशिगंधा


वेळणेश्वर,
२२ नोव्हेंबर २०२४

निशू बाय,

सायकल पोचली. टेम्पोवाला अंगणात उतरवून गेला तेव्हा शेजारच्या दोघीतिघी बघायला आल्या. कच्च्या कैरीसारखा रंग आहे. मी आधी चिंधीने पुसली आणि मग सगळ्यांना हात लावू दिला.

ज्ञानेश्वरीला पसंत आहे. फक्त देवळाकडच्या चढाला सीटखाली कुरकुर जाणवते, स्प्रिंग ढिली असेल. डावं पॅडल उजव्यापेक्षा किंचित जड फिरतं. उतारावर ब्रेक छान धरतात, मागचा पुढच्यापेक्षा चांगला. तू सांगितलंस तसं पुळणीवर अजिबात नेत नाही. आधी वाडीत जायला पुळणीवरूनच वाट होती, आता डांबरी रस्त्याने पार्किंगपाशी वळसा घालून जातो. सध्या पर्यटकांच्या गाड्या रांगेने असतात. असू देत. तुझी सायकल जपायला हवी.

नारळ बरे धरलेत. सुपारी यंदा कमी. तुझ्या बापाचं मनाला लावून घेऊ नको. त्याने लहानपणी माझ्या वह्यांवर कधी सही केली नाही, म्हणायचा मोठा भाऊ म्हणजे काय हेडमास्तर? आता मात्र हेडमास्तर झालाय.

यमुना


हातखंबा,
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनतीनदा वाचलं. वहिनी किती बारकाईने चालवते! पॅडल जड फिरतंय हे गिऱ्हाइकांना सांगूनही कळत नाही. तिला सांग, पॅडलच्या टोकाची टोपी काढून आत दोन थेंब तेल सोडायचं. सीटची स्प्रिंग मी आले की बघेन.

इथे एक चांगली गोष्ट झाली. हायवेपलीकडच्या दोन मुलींनी जुन्या सायकली दुरुस्त करून घेतल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "ताई, आता आम्ही एसटीची वाट बघत नाही, एसटी आमची बघते." मी दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते.

वहिनीला एकदा मला चार ओळी लिहायला सांग ना. सायकलवरून जाताना तिला कसं वाटतं ते तिच्याच तोंडून ऐकायचं आहे.

निशिगंधा


वेळणेश्वर,
९ डिसेंबर २०२४

निशिगंधाताई,

हे मोबाइलवर लिहायला घेतलं होतं, पण जमलं नाही. फोन करता आला असता, पण मी फोनवर बोलताना आई माझ्या तोंडाकडे बघत बसतात. निम्मं त्या ओठांवरून ओळखतात.

मला सायकल येत नाही. कधी आलीच नाही. सायकल आई चालवतात.

तुम्हाला वाटतं त्यांना कमी ऐकू येतं. आता कमी नाही, काहीच येत नाही. गेल्या पावसाळ्यात ताप आला त्यानंतर दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं, डॉक्टर म्हणाले उपयोग नाही. हे तुम्हाला कळवू नको असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलं होतं. आज ती शपथ मी मोडतेय.

काल आई पार्किंगच्या वळणावरून सायकलने चालल्या होत्या, बघणाऱ्यांनी मला सांगितलं. मागून पर्यटकांची गाडी, एकसारखा हॉर्न. आई रस्त्याच्या मधोमध. शेवटी ड्रायव्हरने गाडी रस्त्याकडेच्या दगडी गडग्यावर घातली. चिरे पडले, गाडीचा दिवा फुटला. तो खाली उतरून ओरडला, "बहिरी आहेस काय गं म्हातारे?" आणि आईंनी काय केलं असेल? मागे वळूनही न पाहता समोरून धावत येणाऱ्यांना हात वर केला, ओळखीच्या माणसाला करतात तसा, आणि पुढे गेल्या. त्यांना अजूनही माहीत नाही की काय झालं.

मी सांगून बघितलं. "काय नाय, काय नाय" असं म्हणून हात झटकतात. तुमच्या दादांना बोटीवर कळवलं तर ते तिथे वेडे होतील. ताई, आई माझं ऐकत नाहीत, पण सायकलीबाबत तुमचा शब्द त्यांना देवाचा. तुम्ही काहीही सांगा. मोडकी आहे म्हणा, धोका आहे म्हणा, पण त्यांना त्या सायकलवरून उतरवा. मी रोज त्या परत येईपर्यंत दारात उभी असते. अंगणवाडीतली मुलं मला विचारतात, बाई तुम्ही बाहेर काय बघता?

तुमची वहिनी,
ज्ञानेश्वरी


हातखंबा,
१३ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

घाईत लिहिते आहे. तुला पाठवलेल्या सायकलीबद्दल एक वाईट गोष्ट लक्षात आली. त्याच बनावटीची दुसरी एक सायकल माझ्याकडे आली होती, तिच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या सांध्यात बारीक चीर निघाली. बाहेरून दिसत नाही. तुझ्या सायकलीलाही तशी असण्याची दाट शक्यता आहे. चालवताना चिमटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

तेव्हा वहिनीला सांग, आजपासून सायकल अजिबात चालवायची नाही. पडवीत टांगून ठेवा. मी जानेवारीत येऊन घेऊन जाईन. शेवटी जुनी वस्तू ती जुनीच, तिचा भरवसा देता येत नाही.

काळजी घे.

निशिगंधा


हातखंबा,
३ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. आजवर कधी असं झालं नव्हतं. पोस्टमन दुकानावरून जाताना मीच त्याला हाक मारते, आणि तो लांबूनच मान हलवतो.

वहिनीला फोन केला होता. ती म्हणाली, सायकल घरात नाही आणि आई कुणाशी बोलत नाहीत. सायकल कुठे गेली? तू ती कुणाला दिलीस का? की अजून चालवतेस? म्हणजे, वहिनी चालवते का?

एक ओळ तरी लिही.

निशिगंधा


वेळणेश्वर,
१० जानेवारी २०२५

निशिगंधा,

सायकल लवूकडे होती. तो आमच्याकडे होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ती चालवत नाही, हाताने ढकलत त्याच्याकडे नेली. चीर असेल तर सांधून घेऊ, टाकायची कशाला, असं मनात होतं. तुझ्याचकडून शिकलेली गोष्ट. त्याने चिमट्यावरचा तुझा हिरवा रंग खरवडला, रॉकेल लावलं, पुसून खडू फासला. चीर असली तर रॉकेल खडूवर उमटतं. काहीच उमटलं नाही. मी म्हटलं पुन्हा बघ. त्याने पुन्हा बघितलं. मग त्याने मागचा भागही खरवडला. शेवटी त्याने बोटाने खडूवरच लिहून दाखवलं, "नवीसारखी".

मग मी ज्ञानेश्वरीला तुझं पत्र दाखवलं. तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं. ओठांवरून ओळखते ना मी, चेहऱ्यावरूनही ओळखते.

मीही खोटं लिहिलं होतं, सुनेसाठी पाहिजे म्हणून. खरं लिहिलं असतं तर तू पाठवली नसतीस. ते माझं. पण तुझं वेगळं आहे.

घरात मला कुणी पूर्ण सांगत नाही. अंगणात भांडण झालं, मी विचारलं काय झालं, तर हात हलवून "काय नाय". संदेशचा फोन येतो, तो दहा मिनिटं बोलतो, मला सांगतात "बरा हाय". डॉक्टर ज्ञानेश्वरीशी बोलतात, माझ्याकडे बघून हसतात. अख्ख्या जगात पहिल्यापासून शेवटपर्यंतचं वाक्य मला फक्त तुझ्या पत्रात मिळत होतं. म्हणून मी मोबाइल घेत नव्हते. आता तूही हात हलवलास.

सायकल का पाहिजे होती तेही सांगते. चालत गेलं की माणसं थांबवतात, बोलतात. मला कळत नाही, मी नुसती हसते, आणि ती एकमेकांकडे बघतात. सायकलवर कुणी थांबवत नाही. हात वर केला की झालं. सगळेच तेवढंच करतात. अर्धा तास मी सगळ्यांसारखी असते.

गाडी गडग्यावर गेल्याचं ज्ञानेश्वरीने आता मला लिहून सांगितलं. मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

यापुढे पत्र पाठवू नको. पाठवलंस तर खरं पाठव.

यमुना


हातखंबा,
१७ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

मी खोटं लिहिलं. वहिनीने सांगितलं म्हणून नाही, मला भीती वाटली आणि खोटं सोपं होतं म्हणून. तिच्यावर रागावू नको. ती रोज दारात उभी असते.

आणि बाबा दुकानाबाहेर उभं राहून जे म्हणतात, तेच मी तुला लिहिलं, की जुन्याचा भरवसा नाही. ते वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिलं.

आता मला माहीत असलेलं सगळं लिहिते.

तुझं पत्र वाचून मी दोन्ही कानांत कापूस घातला, वरून रुमाल घट्ट बांधला आणि आमच्या वाडीच्या रस्त्याने सायकल काढली. हायवेच्या तिठ्यावर जायची हिंमत झाली नाही. वाडीचा रस्ता, जिथे मला प्रत्येक खड्डा माहीत आहे. तरी शाळेपाशी एक डंपर माझ्या कोपराला वारा लावून गेला, आणि तो शेजारी येईपर्यंत मला कळलंच नाही. मी खाली उतरले. दुकानापर्यंत चालत आले. आई म्हणाली, "डोकं दुखतंय का गो?" हे तिने नंतर सांगितलं, तेव्हा मला ऐकू आलं नाही. ती काहीतरी म्हणाली एवढंच दिसलं, आणि मी हसले. तेव्हा मला तुझं सगळं पत्र पुन्हा कळलं.

आरसा लावला की प्रश्न सुटेल असं तुला लिहायचं होतं. मोटरसायकलचा आरसा बसवून पाहिला. खराब रस्त्यावर हँडल थरथरतं आणि आरशात गाडी दिसतच नाही, नुसतं काहीतरी हलताना दिसतं. आरशाच्या भरवशावर राहू नको.

तो पार्किंगचा रस्ता तुझ्यासाठी नाही. मला असं वाटतं आणि मी ते मऊ करून लिहिणार नाही. गेल्या महिन्यात तू थोडक्यात वाचलीस. त्या गाडीत लहान मुलं असती आणि गडगा नसता तर तीही गेली असती.

आणि तुला त्या रस्त्यावर मी घातलं. हे मला काल कळलं, तुझं नोव्हेंबरचं पत्र पुन्हा वाचताना. तू पुळणीवरूनच जाणार होतीस. मी लिहिलं, पुळणीवर नेऊ नको, गंज चढेल. मला लोखंडाची काळजी होती. पुळणीवर गाड्या नाहीत, हॉर्न नाही, ओहोटीला वाळू डांबरासारखी घट्ट असते, आणि समोरचं सगळं लांबून दिसतं. मी माझी हिरवी सायकल वाचवायला तुला गाड्यांमध्ये पाठवलं.

म्हणून आत्या, पुळणीवरून जा. ओहोटी असेल तेव्हा. भरतीच्या वेळी आणि रस्त्यावर सायकल हाताने धरून चाल. चेनमध्ये वाळू जाऊ दे. गंज चढू दे. रंग खरवडलाच आहे, तिथून आधी चढेल. मी कुठल्याही सायकलीबद्दल असं कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं.

ठरवायचं तूच. मी फक्त पूर्ण लिहिलं.

निशिगंधा


वेळणेश्वर,
३० जानेवारी २०२५

निशू,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ज्ञानेश्वरीला ऐकू जावं म्हणून. माझा आवाज किती मोठा होतो हे मला कळत नाही, त्यामुळे ते अर्ध्या आळीने ऐकलं. समोरची निर्मला कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि डोळे पुसत होती. तिला वाटलं कुणी गेलं की काय.

ज्ञानेश्वरीने मग अंगणवाडीतून पाटी आणली आणि तिच्यावर लिहिलं. पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी हे राहिलं: "आई, तुम्ही परत येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही आणि हे मी तुम्हाला सांगू शकत नव्हते कारण ओरडून सांगितलं असतं तर ते रागावल्यासारखं दिसलं असतं." एवढं लांब वाक्य तिने मला लग्नापासून कधी सांगितलं नव्हतं. मी ते उतरवून घेऊन तुला लिहितेय. पाटी अजून तशीच ठेवली आहे. अंगणवाडीला दुसरी द्यावी लागेल.

रस्त्यावर आता जात नाही. भरतीला वाडीत जायचं झालं तर चालते, आणि माणसं थांबवतात, आणि मी त्यांना सांगते की मला ऐकू येत नाही, लिहून दाखव किंवा जाऊ दे. पहिल्या दिवशी हे बोलायला फार जड गेलं. बरेच जण जाऊ देतात. पोस्टातली पोरगी लिहून दाखवते.

ओहोटीला पुळणीवरून चालवते. दूरवर होड्या ओढणारे दिसतात, ते हात वर करतात. ज्ञानेश्वरी माडांत उभी राहून बघते, पण आता दारात नाही.

चेनवर तांबूस डाग दिसू लागलेत. लवूने खरवडलं तिथे तर बोटाला गंजाचा रंग लागतो. मी रोज पुसते, तेल घालते, पण खारं वारं आपलं ऐकतं थोडंच. काल चाक फिरवून बघितलं तर आतून वाळू बोटांना कळली.

मला एक सांग. ही किती टिकेल? मला वाईट वाटेल म्हणून वाढवून लिहू नको.

यमुना


हातखंबा,
४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

दोन पावसाळे. रोज गोड्या पाण्याने धुतलीस तर कदाचित तिसरा. त्यापुढे नाही.

तोवर चालव.

निशिगंधा